सातवा फटका

१५ ऑक्टोबर २०११ रोजी इंग्लंडमधल्या ॲस्कटच्या मैदानावर चॅम्पियन स्टेक्स ही शर्यत फ्रान्सच्या ‘सिरस देझेग्ल’ने जिंकली. त्याचा जॉकी क्रिस्तोफ सुमियों याने शेवटच्या फर्लांगात, म्हणजे साधारण २०० मीटरांत, सहा फटके मारले होते. नियम पाचांचा होता आणि तो लागू होऊन आठवडाही झाला नव्हता. त्या एका फटक्यापायी सुमियोंवर पाच दिवसांची बंदी आली. त्याच्या वाट्याचे ५० हजारांहून अधिक पौंड कापायचेही ठरले. घोडा मात्र विजेताच राहिला, मालकाच्या बक्षिसालाही धक्का लागला नाही.

जॉकींनी आरडाओरडा केला आणि शेवटच्या फर्लांगाची वेगळी मर्यादा दोन आठवड्यांच्या आत रद्द झाली. पूर्ण शर्यतीची मर्यादा राहिली: सपाट शर्यतीत सात, अडथळ्यांच्या शर्यतीत आठ. २०२३ पासून दोन्हींतला एकेक फटका कमी झाला आहे.

पण नुसता आकडा पाहून चालत नाही. चाबूक हातभर लांबीचा, फोमची गादी लावलेला. वळ उठू नये हा त्यामागचा हेतू. फटका खोगिरामागे, पुट्ठ्यावरच बसला पाहिजे. हात खांद्याच्या वर उचलायचा नाही. एका फटक्यानंतर घोड्याला जोर लावायला वेळ द्यायचा. लागोपाठ मारत सुटणे हा मर्यादेच्या आतही गुन्हाच. दमून मागे पडलेल्या किंवा अंतर राखून जिंकत असलेल्या घोड्याला मारायचे नाही. घोडा बाजूला ओढू लागला, दुसऱ्यावर आदळण्याचा धोका निर्माण झाला, तर त्याला आवरण्यासाठी चाबूक वापरता येतो. चाबूक जॉकीच्या हाती ठेवण्यामागचे हे कारण मला पटते.

२०२२ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी या नियामक संस्थेने आणखी कडक सूचना मांडली होती: चाबूक फक्त उलट्या हाताने वापरावा. उलट्या हाताने फटक्यात तेवढा जोर येत नाही. जॉकींनी हरकत घेतली, तेव्हा सुलट हात कायम ठेवून त्याबदल्यात एक फटका कमी करण्यात आला.

खरा बदल शिक्षेत झाला. मर्यादेपेक्षा चार किंवा त्याहून जास्त फटके मारले, तर आता घोडाच बाद होतो. सपाट शर्यतीत दहावा फटका पडला की विजय गेला. मोठ्या शर्यतींत बंदीचे दिवसही दुप्पट. पूर्वी जॉकीपुढचा हिशेब सरळ होता: मोठी शर्यत जिंकून द्यायची, मालक-प्रशिक्षक खूश, आपण चार दिवस घरी बसायचे. आता अनावर झालेला हात मालकाचे बक्षीसही घेऊन जातो आणि पुढच्या वेळी त्या जॉकीला घोडा देताना मालक विचार करतो. माझ्या मते या सगळ्या नियमावलीतले सर्वांत परिणामकारक कलम हेच.

घोडा बाद करण्याचा निर्णय मैदानावर होत नाही. अथॉरिटीची चाबूक-समिती चित्रफिती पाहून नंतर निकाल देते. पैज लावणाऱ्यांचे पैसे मात्र शर्यतीच्या दिवशीच्या निकालावरच चुकते होतात.

घोड्याला दुखते का, हा प्रश्न मात्र मोजणीने सुटत नाही. २०२० मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसाची आणि घोड्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवली. बाहेरच्या थराची जाडी आणि त्यातली मज्जातंतूंची टोके यांत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. ‘घोड्याची कातडी जाडच असते’ हे ऐकत मोठे झालेल्यांना हे जड जाते. त्याआधी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच एका अभ्यासात दिसले होते की घोड्यांचा सर्वाधिक वेग शेवटच्या ४०० मीटरांच्या आधी, चाबूक न चालवताच येतो. फटके सुरू होतात ते घोडा थकायला लागल्यावर.

नॉर्वेने घोडा पळवण्यासाठी चाबूक वापरणे १९८२ मध्येच बंद केले. तिथे शर्यती आजही होतात, जॉकीचे दोन्ही हात लगामावर असतात.