गावची जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळा

बियाण्यांसाठी जालन्याचे नाव देशभर झालेले आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसास प्रथम मंजुरी मिळाली, ती याच कंपनीच्या वाणांना. परंतु ज्या शेतकऱ्याने हे बियाणे वर्षानुवर्षे पेरले, त्याच्या हाती त्याची परीक्षा करण्याचे साधन क्वचितच आले. पाकिटावरील मजकूर व दुकानदाराचा शब्द यांवरच त्यास विसंबावे लागते.

ही उणीव सामाईक प्रयोगशाळेने दूर होऊ शकेल. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे २०१० साली सर्वसामान्य नागरिकांसाठी ‘जेनस्पेस’ ही जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली. जालन्याच्या खेड्यात अशा प्रयोगशाळेस शेताची जोड देता येईल, हा येथील मोठाच फायदा होय.

साहित्य थोडे लागते

शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक उजेडाची खोली, पाणी, टेबल, भिंग, चाकू, काचेची काही भांडी, गोणपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ करता येतो. बीटी तपासणीच्या पट्ट्या मात्र विकत आणाव्या लागतील. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अशा तपासणीचे संच विकसित केलेले आहेत.

हंगामाप्रमाणे प्रयोग

पेरणीपूर्वी सोयाबीनची उगवणशक्ती पाहावी. ओल्या गोणपाटावर १०० बिया ओळीने मांडून गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. आठवड्याने चांगले कोंब मोजावेत. ते ७० पेक्षा कमी भरल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे; फारच कमी भरल्यास बियाणे बदलावे.

पेरताना काही ओळींच्या बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक लावावे, काहींस लावू नये. सुमारे ४० दिवसांनी दोन्हीकडील झाडे मुळांसह अलगद खणून काढावीत, मुळे धुवावीत व गाठी मोजाव्यात. गाठ कापल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देत आहेत असे समजावे.

विद्यार्थ्यांना कांद्यातील आनुवंशिक द्रव्य दाखवावे. कांदा बारीक वाटून त्यात मीठ व भांडी धुण्याच्या साबणाचे पाणी मिसळावे, गाळून घ्यावे आणि त्यावर थंड स्पिरिट हळुवार ओतावे. वर पांढरे तंतू जमतात. असे द्रव्य प्रत्येक सजीवात असते. बीटी कापसात त्यामध्ये मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते, एवढे कळले की बीटीविषयीची अनाठायी भीती व भाबडा विश्वास ही दोन्ही ओसरतात.

पट्टी सांगते ते आणि बोंड सांगते ते

खरा बोध कापसाच्या प्रयोगात आहे. कापसाचे पान संचातील द्रावणात चुरडून त्यात पट्टी बुडवावी. दोन रेघा उमटल्या, तर पानात बीटीचे प्रथिन आहे. केवळ नियंत्रणाची एकच रेघ उमटली, तर नाही. पुढे त्याच झाडांची हिरवी बोंडे फोडावीत. आत गुलाबी बोंडअळी आढळली, तर शेतकरी साहजिकच विचारील, ‘मग बियाणे बनावट होते काय?’

तसे नाही. प्रथिन आहे, पण अळी त्यास दाद देत नाही. बीटी खाऊनही वाचलेल्या थोड्या अळ्यांची संतती वाढत गेली. पूर्वी पाकिटासोबत मिळणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे कडेने पेरावयाचे असे, ते अनेकांनी पेरले नाही. फरदडीने अळीस वर्षभर आसरा मिळाला. २०१७ साली महाराष्ट्राने याचे मोठे मोल दिले.

म्हणून एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ वा अधिक पतंग आढळल्यास, अथवा तोडून पाहिलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोहोंत अळी सापडल्यास उपाय योजावेत. डिसेंबरअखेर पीक काढून टाकावे. फरदड घेऊ नये.

दक्षता

स्पिरिट विस्तवापासून दूर ठेवावे व मुलांकडून प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करवावेत. नवे जनुक घालण्याचे प्रयोग येथे करावयाचे नाहीत. त्यासाठी १९८९ च्या नियमांखाली परवानगी लागते. वाण शासनमान्य आहे किंवा नाही, हे पट्टी सांगत नाही. यासाठी पावती व पाकीट जपून ठेवावे.

कार्यकर्त्याचे काम

खरपुडी व बदनापूर येथील कृषि विज्ञान केंद्रांचे मार्गदर्शन गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जरूर घ्यावे. मात्र प्रयोग स्वतः करून दाखविण्यापेक्षा शेतकऱ्याच्या हातून करवून घ्यावा. प्रत्येक निष्कर्ष तारीख व गट क्रमांकासह नोंदवहीत लिहावा आणि महिन्यातून एकदा सर्वांपुढे वाचावा. चार हंगामांची अशी वही गावात असली, म्हणजे पुढील बियाणे घेताना शेतकरी दुकानात जाण्यापूर्वी ती उघडून पाहील.