काळ्या केळ्याची करामत

लेकरांनो, टोपलीच्या तळाशी एखादं केळं काळं पडलं, की घरात काय होतं? कुणीतरी नाक मुरडतं आणि म्हणतं, "टाकून द्या ते!" आमच्या लातूरच्या मावशीकडे मात्र अशाच केळ्यांची वाट बघतात. पिवळीधमक केळी बघून आम्ही केकचा हट्ट धरला, की ती म्हणते, "अजून दोन दिवस दम धरा." तिला तिच्या आईनं हेच शिकवलं. आणि विज्ञान मावशीच्या बाजूनं आहे बरं का!

ही केळी येतात नांदेडकडून, अर्धापूरची. केळीला पाणी भरपूर लागतं. अर्धापूरकडे ईसापूर धरणाचा कालवा आहे. लातूरला मात्र 2016 साली प्यायचं पाणीसुद्धा मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं! केळीचे घड शेतातून हिरवेच कापतात. पिकेपर्यंत थांबलं, तर ट्रकमध्येच त्यांचा लगदा व्हायचा.

कच्चं केळं कधी चाखून बघितलंय? तुरट, पिठूळ लागतं. त्याच्या गराचा साधारण पाचवा हिस्सा नुसता स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे साखरेचे मणी ओवलेली लांबच लांब माळ. माळ जिभेला गोड लागत नाही, मणी सुटले की लागतात. ते सोडवायचं काम केळ्यातली विकरं करतात. त्यांना कामाला लावतो इथिलीन नावाचा वायू, आणि तो केळं स्वतःच सोडतं! म्हणून तर एका पिकल्या केळ्याशेजारची कच्ची केळीही भराभर पिकतात. केळं पूर्ण पिकलं, की स्टार्च जेमतेम एक-दोन टक्के उरतो, बाकीच्याची बहुतेक साखर झालेली असते. ना चूल, ना गॅस. मला तर याचं दरवेळी नवल वाटतं.

सालीवरचा काळेपणा म्हणजे दरवेळी सडणं नव्हे. सालीच्या पेशी फुटतात, आतल्या पदार्थांची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि रंग काळपट होतो. गर पाणचट झाला असेल, आंबूस वास किंवा बुरशी असेल, तर मात्र ते केळं टाकायचंच.

आता मावशीची कृती. तीन काळी केळी कुस्करायची. त्यात पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ, अर्धी वाटी दही आणि पाव वाटी तेल फेटायचं. मग दोन वाट्या कणीक, पाऊण चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ हलक्या हातानं मिसळायचं. फार घोटलं, तर कणकेतलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. दह्यातलं आम्ल सोड्याला भेटलं, की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. म्हणून पीठ कालवून ठेवायचं नाही, लगेच तेल लावलेल्या डब्यात ओतायचं.

ओव्हन नको, कुकर चालतो. तळाला जाड मीठ पसरायचं, त्यावर स्टँड आणि स्टँडवर डबा. पाणी घालायचं नाही. झाकणाची रिंग आणि शिट्टी काढायचीच, म्हणजे आत वाफ कोंडत नाही. हे काम मोठ्या माणसांनीच करायचं. मंद आचेवर पाऊण तासानं सुरी खुपसून बघायची. कोरडी निघाली, की झालं!

घरभर जो वास सुटतो, त्यातही एक गंमत आहे. केळ्याच्या वासात आयसोअमाइल ॲसिटेट नावाचा पदार्थ असतो. मधमाशी डंख मारते, तेव्हा इतर माश्यांना धोका कळवायला हाच पदार्थ सोडते. म्हणून मधाच्या पेट्यांजवळ केळं खात जाऊ नये!

केक गार होईपर्यंत एक प्रयोग करा. मोठ्यांना विचारून टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब कच्च्या आणि पिकल्या केळ्याच्या चकतीवर टाका. कच्ची चकती निळीकाळी होईल, कारण तिथे स्टार्च आहे. पिकलीवर काय होतं ते तुम्हीच बघा. त्या चकत्या मात्र खायच्या नाहीत हं!