गव्हाणी मोजून केलेली पेरणी

दिवाळीत आमच्या शेतात दोन हंगाम शेजारी शेजारी नांदतात. एका वावरात सोयाबीनची रास झालेली असते, तुरीला पिवळी फुलं लागलेली असतात आणि पलीकडच्या काळ्या रानात हस्ताच्या ओलीवर उगवलेली रब्बी ज्वारी वाऱ्यावर हलत असते. वसुबारसेला गाय-वासराची ओवाळणी होते. बाया अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. लहानपणी मला वाटायचं, सणाला शेण कशाला? पुढे शेतात राबताना कळलं, की शेतकऱ्याच्या घरची संपत्ती आधी गोठ्यात जन्मते, मग रानात आणि सगळ्यात शेवटी कणगीत.

आमचं गाव मांजरेच्या खोऱ्यात, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवर. आजोबांच्या वेळी बारा एकर रान, एक बैलजोडी, दोन देवणी गाई, पाच-सहा उस्मानाबादी शेळ्या आणि कोंबड्या एवढा पसारा होता. एका पिकावर किंवा एका जनावरावर घर कधीच अवलंबून नव्हतं. पेरणी जवळ आली की आजोबा वडलांना म्हणायचे, "आधी गव्हाणी मोज, मग तिफण काढ." ज्वारी किती पेरायची हे घरात खाणारी तोंडं आणि गोठ्यातल्या गव्हाणी मिळून ठरवत. या एका वाक्यात आमच्या शेतीचं सगळं शास्त्र होतं, असं मला आज वाटतं.

उकिरडा ते मृग

शेतकऱ्याचं साल गुढीपाडव्याला बदलतं. सालगड्याचा करार त्याच दिवशी नवा होतो. चैत्र-वैशाखात रान नांगरून उन्हात तापत ठेवायचं, म्हणजे किडींचे कोष वर येऊन मरतात. वर्षभर गोठ्यातलं शेण, उष्टावळ, चुलीची राख असं सगळं उकिरड्यात कुजलेलं असे. ते बैलगाडीने रानात नेऊन ढीग घालायचे आणि पावसाआधी पसरायचे. फाल्गुनापासून धनगरांचे कळप शिवारात उतरत. ज्या रानाचा कस कमी झाला असेल तिथे मेंढ्या रात्रभर बसवायच्या आणि धनगराला धान्य द्यायचं. लेंडी आणि मूत दोन्ही जागेवरच मुरायचं, गाडीभाड्याचा प्रश्नच नाही.

जूनच्या सात-आठ तारखेला मृग निघतो. पुरेशी ओल झाली की आधी मूग आणि उडीद पेरायचे. ते साठ-सत्तर दिवसांत हाताशी येतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात आणि पाला रानातच गळतो. तूर मात्र सहा-सात महिने उभी राहते. तिचं सोटमूळ खोल जातं, म्हणून मधे पाऊस ताणला तरी ती तग धरते. पुनर्वसूचा 'तरणा' पाऊस आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस या दोघांच्या मधे खुरपण्या आणि कोळपण्या चालत. निंदून काढलेलं गवत बाया भारा बांधून घरी आणत. तण म्हणून उपटलेलं तेच संध्याकाळी गाईच्या दुधात उतरायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते, त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी लावतात. तोपर्यंत मूग निघालेला असतो आणि रान मोकळं होतं.

ओलीवरची ज्वारी

रब्बी ज्वारीचा पेरा साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं तिची. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. पुढचे चार महिने हे पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर उभं राहतं, आणि ती ओल धरायची ताकद काळ्या मातीत असते. पण हीच माती सुकताना भेगाळते आणि भेगांतून ओल उडते. म्हणून ज्वारीत तीन कोळपण्या लागतात. कोळप्याने वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडचे जाणते सांगतात. वावराच्या कडेने करडईच्या ओळी. तिच्या काट्यांमुळे मोकाट गुरं आत शिरत नाहीत, आणि घरच्या तेलाचीही सोय होते.

वाण ठरलेला, मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला '३५-१' हा वाण आजही कोरडवाहू शेतकऱ्याच्या विश्वासाचा आहे. याच पट्ट्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. १९६४ साली ज्वारीचा पहिला संकरित वाण 'सीएसएच-१' आला आणि खरिपात उत्पादन वाढलं. पण त्याचं धाट ठेंगणं होतं आणि कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा. रब्बीत आमच्या लोकांनी मालदांडी सोडली नाही याचं कारण तिच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीत होतं आणि तितकंच तिच्या उंच, गोड धाटातही. शेतकरी एका पेरणीत दोन पिकं मोजत होता, एक माणसांचं आणि एक जनावरांचं.

येळवस

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्या असते, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करून आत पाच पांडव मांडतात. आदल्या दिवशी ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील केलेली असते. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, शेंगा आणि हिरव्या भाज्या डाळीच्या पिठात शिजवून भज्जी करतात. जोडीला बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. त्या ताटाकडे नीट पाहिलं तर शेतातलं एकूण एक पीक तिथे दिसतं, आणि ताकाच्या रूपाने गोठाही. ज्याच्या शेतात एकच पीक आहे त्याला येळवशीची भज्जी विकतचीच करावी लागते.

याच दिवसांत पहाटे हरभऱ्याच्या रानात आजी स्वच्छ धडपा पसरायची. दवात भिजलेल्या पानांची आंबट आंब त्यात उतरायची. ती पिळून बाटलीत भरून ठेवायची आणि कुणाचं पोट दुखलं की चमचाभर द्यायची. पुढे पौषात आगटी पेटवून हुरडा.

पेंढ्यांचा हिशोब

फेब्रुवारीच्या अखेरीस ज्वारी पिकते. आमच्याकडे ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कडक झालेल्या रानातून धाट ओढताना तळहाताला फोड येतात. उपटलेली ज्वारी आडवी घालून वाळवायची, बायांनी कणसं मोडायची आणि मग धाटांच्या पेंढ्या बांधायच्या. हे काम एका घराने होत नाही. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या, अशी सावड चालायची. खळं शेणाने सारवून मधे तिवडा रोवायचा. बैलांची पात फिरवून मळणी झाली की वाऱ्याची दिशा बघून उपणणी. बियाण्याची कणसं मात्र आजी आधीच निवडून आढ्याला टांगायची.

मग आजोबा पेंढ्या मोजायला बसत. एका बैलाला दिवसाला चार पेंढ्या. हिरवा चारा संपल्यापासून पुन्हा गवत येईपर्यंत पाच महिने, म्हणजे बैलामागे सहाशे. दोन बैल, दोन गाई मिळून चोवीसशे. बऱ्या वर्षी एकरी हजारभर पेंढ्या निघत, म्हणून ज्वारी किमान तीन एकर. उरलेला कडबा गंजीत राहायचा, तो पुढच्या वाईट सालासाठी. तुराट्यांनी कूड व्हायचे, तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट शेळ्यांना, खळ्यावरचे सांडलेले दाणे कोंबड्यांना. गव्हाणीत उरलेलं चघाळ उकिरड्यात जायचं, म्हणजे पुन्हा रानातच. वर्ष असं वर्तुळ पूर्ण करायचं.

वर्तुळ कुठे तुटलं

कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहिवाट खातं १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. आमचे बारा एकरही तीन भावांत वाटले गेले. चार एकरांत बैलजोडी परवडत नाही, ट्रॅक्टर भाड्याने येतो. बैल गेले तशी कडब्याची गरज कमी झाली. उपटणीला माणूस मिळेना. सोयाबीन शंभर दिवसांत रोख पैसा देतं, मळणीयंत्रातून एका दिवसात रास होते. मागून हरभरा केला की वर्ष भागतं. यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दवाखाना, शाळा आणि लग्न पेंढ्यांवर होत नाहीत.

पण सोयाबीन-हरभऱ्याच्या रानात गंज उभी राहत नाही. गंज नाही म्हणून जनावर नाही, जनावर नाही म्हणून शेण नाही, आणि खताची पिशवी दरवर्षी विकत आणावी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. चाऱ्याचं दुःख मात्र गावागावांत झालं. ज्यांच्याकडे जुनी गंज होती त्यांची दावणीची गाय टिकली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी ती बाजारात नेली. तो उन्हाळा माझ्या मनातून जात नाही. मिश्र शेती ही जुन्या काळची हौस नव्हती, ती घरच्या घरी केलेली विम्याची सोय होती, हे त्या उन्हाळ्याने शिकवलं.

आता बारा एकर परत येणार नाहीत, बैलांची पातही येणार नाही. पण चार एकरांतही थोडी ज्वारी, बांधाला तूर, दारात एक दुभतं जनावर आणि दोन शेळ्या एवढं जमवता येतं. ते जमवणाऱ्याच्या हाती वर्षातून एकदाच नाही तर दर आठवड्याला काहीतरी येत राहतं: दूध, अंडी, शेंगा, एखादं करडू.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने देवणी गाय घेतली, मागे कालवड आहे. या दसऱ्याआधी तो सोयाबीन निघालेल्या रानाच्या बांधावर उभा राहून मला विचारत होता, ज्वारी किती करू? मी काही बोलायच्या आत तोच गोठ्याकडे बघत म्हणाला, "गाईची एक गव्हाण, कालवडीची अर्धी. म्हंजी दीड एकर." एकराला एक गव्हाण, आजोबांच्या हिशोबापेक्षा थोडी सढळच. वरची पेंढी गंजीत राहील. आज त्याच्या त्या दीड एकरात पहिली कोळपणी झाली आहे.