पट्टी निघाली, डिंक राहिला

गाडीच्या दारावरची साइड बीडिंग जुनी होते, एका टोकाने उचकटते आणि एखाद्या रविवारी सकाळी ओढून काढली जाते. खाली रंगावर काळपट फोमची आणि डिंकाची लांब रेघ उरते. नखाने ती निघत नाही, साबणाच्या पाण्याने हलतही नाही. मग शेजारून सल्ला येतो, ‘फडक्यावर थोडं पेट्रोल घ्या आणि चोळा.’ सल्ला सर्रास दिला जातो, पण तो गाडीच्या रंगापेक्षा चोळणाऱ्याला जास्त महागात पडू शकतो.

चिकटपट्टी आणि मोटारीचा रंग यांचे नाते जुने आहे. 1920च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची चलती होती. रंगाऱ्यांना दोन रंगांमधली सीमा सरळ राखणे अवघड जाई आणि त्यासाठी लावलेला कागद काढताना खालचा रंगही सोलून निघे. हे पाहून थ्रीएम कंपनीतील रिचर्ड ड्र्यू यांनी 1925 साली मास्किंग टेप तयार केली. ती टेप सहज निघावी म्हणून होती. बीडिंगमागची दुहेरी फोम टेप मात्र ऊन, पाऊस आणि धक्के सोसत वर्षानुवर्षे टिकावी म्हणून बनवलेली असते.

या टेपवरचा डिंक कधीच पूर्ण वाळत नाही. तो द्रव आणि घन यांच्या सीमेवर असतो. सावकाश ताणला तर तो पाझरल्यासारखा लांबतो. झटका दिला तर घन पदार्थासारखा अडून बसतो किंवा तुटतो. म्हणून पट्टी जोरात ओढली की फोम मधूनच फाटतो आणि निम्मा डिंक रंगावर राहतो. उष्णतेने डिंक मऊ पडतो. त्यामुळे पहिले हत्यार म्हणजे केस वाळवण्याचा ड्रायर. तो एका जागी न रोखता फिरवत राहावा, रंग हाताला सोसेल इतपतच तापवावा आणि फोम हळूहळू, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढावा. उरलेला थर प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने ढकलत न्यावा. ब्लेड किंवा लोखंडी पत्री नको. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. एकच खोल ओरखडा हा थर भेदू शकतो.

यानंतर जी पातळ पुटे उरतात, त्यांचे उत्तर कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. फणस चिरण्यापूर्वी हाताला आणि सुरीला तेल लावतात, कारण फणसाचा चीक पाण्याने जात नाही, तेलाने सुटतो. तेलकट स्वभावाचा पदार्थ तेलकट द्रवातच मिसळतो. रबरी डिंक या नियमाने टर्पेंटाइनसारख्या द्रवात विरघळतो. बीडिंगच्या टेपवरचा डिंक बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतो. त्याचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंतलेले असल्याने तो पूर्ण विरघळत नाही. द्रव शोषून फुगतो आणि त्याची पकड सैल होते. म्हणूनच इथे जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा. डिंक काढण्यासाठी बनवलेला, मोटारीच्या रंगाला चालणारा द्रव फडक्यावर घेऊन ते फडके पाच-दहा मिनिटे डिंकावर ठेवावे. मग अंगठ्याने चोळले की डिंकाच्या गोळ्या वळून येतात. आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात चाचणी घ्यावी. काम सावलीत आणि थंड पत्र्यावर करावे, कारण उन्हात द्रव लगेच उडून जातो.

पेट्रोल इथेच नापास होते. ते इतके झपाट्याने उडते की डिंकात मुरायला त्याला सवडच मिळत नाही. उडालेली वाफ मात्र जाते श्वासात. पेट्रोलमध्ये बेन्झिन असते. भारतात बीएस-6 मानकानुसार त्याचे प्रमाण 1 टक्क्यापर्यंत मर्यादित असले, तरी बेन्झिन हे माणसात रक्ताचा कर्करोग घडवणारे रसायन म्हणून सिद्ध झालेले आहे. त्वचेतले नैसर्गिक तेलही पेट्रोल धुऊन काढते. हात कोरडे पडतात, भेगाळतात. सर्वांत मोठा धोका आगीचा. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये चार पावलांवरची ठिणगीही पुरेशी ठरते.

थिनर आणि नेलपेंट काढायचे अ‍ॅसिटोन यांचा धोका वेगळा. ते डिंकासोबत रंगावरही हल्ला करतात. विशेषतः गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागावर आणि प्लास्टिकच्या बंपरवर. संत्र्याच्या सालीच्या तेलापासून बनवलेले द्रव सौम्य वाटतात, पण तेही ज्वलनशील असतात आणि काहींच्या त्वचेला त्यांची अ‍ॅलर्जी होते. म्हणून कोणताही द्रव वापरताना नायट्राइल हातमोजे घालावेत आणि मोकळ्या हवेत काम करावे. ड्रायर त्याआधीच बंद करून दूर ठेवावा. उरलेला द्रव पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. मुलाने पाणी समजून तो प्यायल्यास उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर तो फुप्फुसात जाऊ शकतो. थेट रुग्णालय गाठावे.

शेवटी जागा शाम्पूच्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि वॅक्सचा हात द्यावा, कारण डिंकासोबत तिथले जुने वॅक्सही निघून गेलेले असते. एवढे करूनही कधी बीडिंगच्या आकाराची फिकट-गडद रेघ दिसत राहते. बोट फिरवले तर ती हाताला लागत नाही. तो डिंक नव्हे. बीडिंगखाली झाकलेला रंग तेवढा मूळचा राहिला आणि भोवतालचा वर्षानुवर्षांच्या उन्हाने फिकटला. ती रेघ कोणत्याच द्रवाने जाणार नाही. फार तर पॉलिशने फरक कमी होईल. तेव्हा चोळणे थांबवावे.