जुन्या मोटारी आणि त्यांचे राखणदार

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत इंजिनाचा पाठ चालूं असतां मीं मुलांना एक चित्र दाखविलें. १९०४ सालीं बांधलेली एक लहानशी मोटार लंडनहून ब्रायटनकडे चालली आहे. तिला छप्पर नाहीं, समोर कांच नाहीं, आणि आंत बसलेलीं दोन माणसें पावसांत चिंब भिजूनही हसत आहेत. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या गल्लींतली सायकलसुद्धां या गाडीला मागें टाकील. मग हिच्यापायीं हे लोक एवढा पैसा आणि एवढे श्रम कां घालवितात?" वर्ग हसला व मीही हसलों. तेवढ्यांत घंटा झाली आणि उत्तर राहून गेलें. प्रश्न मात्र खरा होता. म्हणून त्याचें उत्तर थोडें सविस्तर येथें देत आहें.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. जुनी झालेली प्रत्येक मोटार या मानाला पात्र होत नाहीं. इंग्लंडांतील शौकिनांनीं यासाठीं वयाच्या मर्यादा ठरविल्या आहेत. १९१८ अखेरपर्यंतच्या मोटारींना 'व्हेटरन' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि १९१९ पासून १९३० अखेरपर्यंतच्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणतात. 'व्हिंटेज' हा शब्द मुळांत द्राक्षांच्या हंगामाचा. अमुक सालचें पीक चांगलें, तसा अमुक काळचा माल चांगला, अशा अर्थानें तो मोटारींना लागला. आपल्याकडे मात्र बोलण्यांत सर्वच जुन्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणतात.

आतां त्या ब्रायटनच्या फेरीची हकीकत ऐका. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्याप्रमाणें, रस्त्यावर यंत्रबळानें चालणाऱ्या गाडीपुढें एका माणसानें तांबडें निशाण घेऊन पायीं चालावें, आणि गाडीनें गांवांत ताशीं २ व गांवाबाहेर ताशीं ४ मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये, असा दंडक होता. १८७८ सालीं निशाणाची सक्ती गेली; पण पुढें चालणारा माणूस राहिलाच. १८९६ च्या कायद्यानें हलक्या मोटारींपुरता तोही गेला, व त्यांना ताशीं १४ मैलांपर्यंत मोकळीक मिळाली. तो कायदा १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं अमलांत आला. त्या आनंदाप्रीत्यर्थ मोटारवाल्यांनीं त्याच दिवशीं लंडनहून समुद्रकांठच्या ब्रायटन शहरापर्यंत फेरी काढली. निघण्यापूर्वीं न्याहारीच्या वेळीं लॉर्ड विंचिल्सी यांनीं तांबडें निशाण फाडून टाकलें. निघालेल्या सर्वच गाड्या पोहोंचल्या असें मात्र नाहीं. एक गाडी तर आगगाडीनें ब्रायटनला गेली, आणि शहरांत शिरतांना ती रस्त्यानें आल्यासारखी दिसावी म्हणून तिच्यावर चिखल शिंपडण्यांत आला, असें सांगतात!

पुढें तीस वर्षांत मोटारी इतक्या सुधारल्या कीं त्या पहिल्या गाड्या भंगारांत जाऊं लागल्या. १९२७ सालीं एका वर्तमानपत्रानें जुन्या फेरीची आठवण म्हणून उरल्यासुरल्या मोटारी पुन्हां ब्रायटनला नेल्या, तेव्हां लोकांनीं तिला थट्टेनें 'खटाऱ्यांची फेरी' म्हटलें. परंतु थट्टेंतून आस्था उत्पन्न झाली. १९३० सालीं जुन्या मोटारींच्या मालकांनीं 'व्हेटरन कार क्लब' स्थापिला. १९३४ सालीं 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' निघाला. महायुद्धाच्या काळांत आणि पेट्रोलच्या टंचाईमुळें १९४७ सालीं फेरी बंद होती. एरवीं ती बहुधा दरवर्षीं नोव्हेंबराच्या पहिल्या रविवारीं निघते. १९०५ सालापूर्वीं बांधलेल्या मोटारींनाच तींत प्रवेश मिळतो. पहांटे हाइड पार्कमधून निघून सुमारें ६० मैल जावयाचें असतें. ही शर्यत नव्हे. सरासरी वेग ताशीं २० मैलांहून अधिक ठेवण्याची मनाई आहे, आणि पहिला येणारास बक्षीस नाहीं. ठरलेल्या वेळेच्या आंत जो जो पोहोंचेल त्या प्रत्येकास सारखेंच पदक मिळतें.

शंभर वर्षांहून जुन्या यंत्रास ६० मैल नेणें ही गोष्ट किती नाजूक आहे, हें थोड्या उदाहरणांनीं कळेल.

पहिलें चाक घ्या. त्या काळच्या कित्येक मोटारींचीं चाकें लांकडी आऱ्यांचीं आहेत. तुमच्यांपैकीं खेड्यांतून आलेल्या मुलांना ठाऊक असेल कीं उन्हाळ्यांत बैलगाडीच्या चाकाचें लांकूड आकसतें, आरे खुळखुळतात आणि लोखंडी धाव सैल पडते. मोटारीच्या चाकाचीही तीच गत. गाडी फार कोरड्या जागीं ठेवल्यास आरे करकरूं लागतात, व फार ओलसर जागीं ठेवल्यास लांकूड कुजतें आणि पत्रा गंजतो. म्हणून गाडीची जागा निवडणें हाच तिच्या निगेचा पहिला पाठ होय.

दुसरी गोष्ट इंजिन सुरू करण्याची. बटण दाबून काम भागत नाहीं. पुढें हँडल लावून तें हातानें फिरवावें लागतें. त्यापूर्वीं, सिलिंडरांत ठिणगी उशिरां पडेल अशा बेतानें चालकाजवळची एक लहान तरफ मागें घ्यावी लागते. ती विसरल्यास दट्ट्या वर पोहोंचण्यापूर्वींच स्फोट होतो, आणि हँडल उलट फिरून मनगट मोडूं शकतें. याकरितां जाणते लोक नवख्याला आधीं हेंच शिकवितात कीं, आंगठा हँडलाभोंवतीं गुंडाळूं नये. चार बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे हँडल उसळलें तरी हात सुटून येतो.

तिसरी गोष्ट तेलाची. आजच्या मोटारींत तेल आपोआप फिरतें. त्या काळच्या पुष्कळ मोटारींत तें चालकानें वाटेंत हातपंपानें सोडावें लागे; सोडलेलें तेल जळून किंवा गळून जाई, परत येत नसे. कमी सोडलें तर दट्ट्या तापून सिलिंडरांत अडकतो. जास्त सोडलें तर ठिणगीच्या जागीं काजळी धरते आणि मागें निळा धूर निघतो. किती सोडावें हें दाखविणारा कांटा नाहीं. इंजिनाचा आवाज, धुराचा रंग आणि चढावाचा अंदाज यांवरून तें ठरवावें लागतें.

द दियों-बूतों या फ्रेंच कारखान्याच्या सुरुवातीच्या एक सिलिंडरी इंजिनांत तर मिश्रण आंत घेणारी झडप कोणत्याही दांड्यानें उघडत नाहीं. दट्ट्या खालीं जातांना जी ओढ उत्पन्न होते तिनेंच ती उघडते, आणि हलकी स्प्रिंग तिला मिटते. ही स्प्रिंग थोडी ताठ झाली तर इंजिनाला पुरेसें मिश्रण मिळत नाहीं; थोडी ढिली झाली तर झडप वेळेवर मिटत नाहीं. एवढ्याशा तारेच्या वेटोळ्यावर सारी गाडी अवलंबून!

यांत नव्या काळानें एका नव्या अडचणीची भर घातली आहे. हल्लीं भारतांत पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. तें हवेंतील पाणी शोषून घेतें, त्यामुळें टाकी आंतून गंजते; जुन्या रबराच्या नळ्या व बुचाचे तुकडेही त्यानें खराब होतात. म्हणून जाणते मालक नळ्या बदलतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करून ठेवितात.

आतां विचार करा. एखादा भाग तुटला तर तो कोणत्या दुकानांत मिळणार? ज्या कारखान्यानें गाडी केली तो बुडून कित्येक दशकें लोटलीं. अशा वेळीं त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीचा मालक आपला भाग काढून नमुन्यादाखल देतो. त्यावरून लांकडी नमुना तयार होतो, तो वाळूंत दाबून सांचा घेतात, आणि त्यांत धातु ओततात. धातु थंड होतांना आकसते, म्हणून नमुना मूळ भागाहून किंचित् मोठा करावा लागतो. एकासाठीं नमुना झाला म्हणजे पांच जणांचें काम होतें. कोणी जुनीं पुस्तकें व आराखडे सांभाळून ठेवितो, कोणी रेडिएटरांना डाक लावण्यांत तरबेज असतो, कोणाला केवळ आवाज ऐकून बिघाड सांगतां येतो. व्हेटरन कार क्लबाचे जाणकार तर गाडीची बारकाईनें तपासणी करून ती खरोखर कोणत्या सालची याचा दाखला देतात. मालकाच्या शब्दावर विसंबत नाहींत. या छंदांत धनाढ्य मनुष्यही एकटा पंगू आहे, हें ध्यानांत ठेवा. पैशानें गाडी विकत मिळते, पण ती चालती ठेवणारी विद्या दहा जणांच्या हातांत वांटलेली असते.

आणि खरें भय येथेंच आहे. लोखंड गंजलें तर घासतां येतें. परंतु एखादा वृद्ध कारागीर आपली विद्या कोणाला न देतां गेला, तर ती कोठून आणावी? पुस्तकांत "स्प्रिंग बेताची ताठ असावी" असें लिहितां येईल. बेताची म्हणजे किती, हें बोटांनाच शिकवावें लागतें. हें ओळखून इंग्लंडांत बिस्टर येथें, जुन्या लष्करी विमानतळाच्या आवारांत, तरुण उमेदवारांना या कामाचें शिक्षण देण्याची सोय झाली आहे.

आपल्या देशांतही ही आस्था नवी नाहीं. दिल्लींत 'स्टेट्समन' वर्तमानपत्रानें जुन्या मोटारींची फेरी १९६४ सालीं सुरू केली, आणि मुंबईंतही अशा फेऱ्या निघतात. २०२१ सालीं केंद्र सरकारनें नियम करून, पहिल्या नोंदणीस ५० वर्षें उलटलेल्या व मूळ रूपांत राखलेल्या मोटारींची निराळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें असतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठीं किंवा भाड्यानें चालवितां येत नाहीं; प्रदर्शन, फेरी, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणें, अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर यावी, असा निर्बंध आहे.

'मूळ रूपांत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुष्कळांना वाटतें कीं जुनी गाडी घासूनपुसून नव्या रंगानें चकचकीत केली म्हणजे तिची सेवा झाली. पण जाणते लोक जुना रंग व फाटकें कातडेंही शक्य तोंवर राखतात. नवा रंग केव्हांही देतां येईल. ज्या हातांनीं पहिला रंग दिला ते हात परत येणार नाहींत. जें मोडलें तें दुरुस्त करावें, जें केवळ जुनें झालें तें सांभाळावें, हा त्यांचा विवेक आहे.

आतां माझ्या विद्यार्थ्याला उत्तर देतों. बाळ, सायकल त्या गाडीच्या पुढें गेली तरी तिच्या मालकाला खंत नाहीं. वाटेंत बंद पडलेल्या दुसऱ्या गाडीजवळ थांबून तो हातोडी-पाना काढतो, कारण उद्यां त्याच्यावर तीच वेळ येणार हें तो जाणतो. गाडी त्याच्या पूर्वीं दुसऱ्या कोणाची होती आणि त्याच्यानंतर तिसऱ्या कोणाची होणार; मधल्या काळांत ती चालती ठेवून पुढच्याच्या हातीं द्यावी, एवढेंच त्याचें काम, आणि त्यांतच त्याचा आनंद.

मोटार आपणांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं असेल. पण आजोबांचें किल्लीचें घड्याळ, आजीचें शिवणाचें यंत्र, किंवा वडिलांची जुनी सायकल पुष्कळांच्या घरीं असेल. या सुटींत त्यांच्याजवळ बसा, आणि तेल कोठें व किती घालावें एवढें एकदां त्यांच्याच हातून पाहून घ्या. आईबापांनाही विनंति आहे कीं, मुलाचे हात काळे झाले म्हणून त्याला रागावूं नये.