हक्क आणि हद्द

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर, महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचे कार्यालय आहे. पिशवीत सातबाऱ्याचा उतारा, मोजणीचा नकाशा, फेरफाराची नक्कल, महापालिकेला दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या आणि मनात कित्येक वर्षांच्या तारखांचा शिणवटा घेऊन जो अर्जदार त्या दाराशी येतो, तो कायद्याची कलमे चाळून आलेला नसतो. तलाठ्याच्या चावडीपासून प्रांताच्या कचेरीपर्यंत आणि वॉर्ड कार्यालयापासून दिवाणी न्यायालयापर्यंत सगळे उंबरठे झिजवून झाल्यावर, ‘मानवी हक्क’ या दोन शब्दांत आपल्या दुःखाला एखादे तरी नाव सापडेल, एवढ्याच आशेने तो आलेला असतो. अशा अर्जावर पुष्कळदा ‘वाद दिवाणी स्वरूपाचा’ असा शेरा पडतो आणि अर्जदार आला तसा परत फिरतो. हा शेरा संस्थेच्या अनास्थेतून येतो की कायद्यानेच आखलेल्या मर्यादेतून, हे ज्याला कोणी समजावून सांगितलेले नसते, त्याच्या मनात न्याय या कल्पनेविषयीच कडवटपणा साचू लागतो. म्हणून या संस्थेची घडण, तिचे सामर्थ्य आणि विशेषतः तिची हद्द यांचा परिचय करून देणे मला अगत्याचे वाटते.

मानवी हक्क संरक्षण अधिनियमाची मुळे 28 सप्टेंबर 1993 रोजी निघालेल्या अध्यादेशात आहेत. राष्ट्रीय आयोग त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला अस्तित्वात आला, अध्यादेशाची जागा पुढे 1994 च्या 10 व्या अधिनियमाने घेतली आणि महाराष्ट्राचा राज्य आयोग 2001 साली स्थापन झाला. पोलीस कोठडीतील मृत्यूची खबर चोवीस तासांच्या आत आयोगाला कळविली पाहिजे, ही सूचना राष्ट्रीय आयोगाने 1993 च्या डिसेंबरातच, म्हणजे जन्मल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत दिली होती, यावरून या संस्थेची मूळ प्रकृती ध्यानात येते. सत्ता हाती असलेल्या माणसाने सत्ता हाती नसलेल्या माणसाला कसे वागविले, हा तिचा आद्य प्रश्न होय. आणि ज्याला आपल्या बाजूने बोलणारे कोणीच नाही अशा कोठडीतील किंवा तुरुंगातील माणसाच्या वतीने तो विचारण्यासाठीच ती जन्मास आली.

अधिनियमाचे 12 वे कलम हाच या यंत्राचा कणा आहे. पीडिताच्या अर्जावरून किंवा स्वतः होऊन आयोगाला दोन गोष्टींची चौकशी करता येते: लोकसेवकाने मानवी हक्कांचा भंग केला काय किंवा त्यास चिथावणी दिली काय, ही पहिली, आणि असा भंग रोखण्यात त्याने हयगय केली काय, ही दुसरी. या चौकशीपुरते साक्षीदारांना समन्स काढणे, शपथपत्रे घेणे, सरकारी दप्तर मागविणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार 13 व्या कलमाने आयोगाला दिलेले आहेत. न्यायालयासारखी बैठक, न्यायालयासारखे समन्स आणि अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती असे हे एकंदर रूप पाहून सामान्य माणसाने त्याला न्यायालय समजावे यात नवल नाही. पण न्यायालयाचे जे अंतिम शस्त्र, म्हणजे पक्षकारांना बांधणारा हुकूमनामा, ते मात्र या आयोगाच्या हाती नाही. चौकशीचे सामर्थ्य न्यायालयाचे आणि निष्कर्षाचे सामर्थ्य सल्लागाराचे, अशी ही मिश्र घडण आहे, आणि जमिनीच्या वादात ती पदोपदी जाणवते.

आता प्रश्न असा की, जमीन हा मानवी हक्कांचा विषय आहे की नाही? अधिनियमाची व्याख्या जीवित, स्वातंत्र्य, समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा या चार हक्कांपुरती आहे, आणि तेही संविधानाने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत अंतर्भूत असलेले व भारतातील न्यायालयांकडून बजावता येणारे हवेत. 1948 च्या जागतिक जाहीरनाम्याच्या 17 व्या अनुच्छेदात मालमत्तेच्या हक्काचा उच्चार आहे. परंतु 1966 च्या दोन्ही आंतरराष्ट्रीय करारांत तो उतरला नाही. आपल्याकडेही 44 व्या घटनादुरुस्तीने 1979 साली तो मूलभूत हक्कांच्या पंक्तीतून उठला आणि 300-अ या अनुच्छेदात घटनात्मक हक्क म्हणून उरला. एवढ्यावरून जमिनीचा मानवी हक्कांशी संबंधच तुटला असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. ठाणे जिल्ह्यातील शिरवणे गावच्या ज्या निरक्षर शेतकऱ्यांच्या जमिनी 1964 च्या अधिसूचनेनंतर औद्योगिक विकासासाठी घेतल्या गेल्या आणि ज्यांना दशकानुदशके मोबदला मिळाला नाही, त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्कही आहे असे स्वच्छ शब्दांत सांगितले. हिमाचल प्रदेशातील एका वृद्ध, अशिक्षित विधवेच्या जमिनीवरून 1967-68 च्या सुमारास कोणत्याही कायदेशीर प्रक्रियेवाचून रस्ता काढला गेला होता. तिला 2020 साली न्याय देतानाही न्यायालयाने हेच सूत्र पुन्हा उच्चारले.

मग हेच सूत्र हाती घेऊन आयोगाने बांधावरच्या भांडणात का उतरू नये? या दोन्ही खटल्यांत जमीन कोणाची हा वादच नव्हता. ती शेतकऱ्याची, त्या विधवेची, आणि सरकारने ती रीत सोडून घेतली एवढेच सिद्ध व्हायचे होते. जेथे दोन भावांत, दोन भाऊबंदांत किंवा दोन शेजाऱ्यांत मालकी कोणाची, वहिवाट कोणाची, कब्जा कोणाचा हाच मूळ वाद असतो, तेथे कोणाच्या हक्काचा भंग झाला हे ठरविण्यापूर्वी हक्क कोणाचा हे ठरवावे लागते, आणि ते ठरविण्याची साधने आयोगाजवळ नाहीत.

जमिनीचा निवाडा किती जड असतो, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे येई, तेव्हा देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत. दोन्ही वादींकडून राजीनामे आणि जामीन घेतले जात, जुने कागद वाचले जात, साक्षी होत, आणि मग जो महजर लिहिला जाई त्यावर उपस्थितांची नावे व निशाण्या पडत, कारण पुढच्या पिढ्यांनाही तो निवाडा मान्य व्हायचा असे. दोन्ही पक्षांना पुरते ऐकणे, प्रत्यक्ष जागा पाहणे, कागदाची आणि साक्षीची उलटतपासणी करणे आणि शेवटी सर्वांना बांधील असा निर्णय देणे या चार गोष्टींवाचून जमिनीचा न्याय होत नाही. आयोगाची सर्वसाधारण चौकशी ही अर्ज, संबंधित खात्याकडून मागविलेला अहवाल आणि त्यावरील सुनावणी यांवर चालते. तिने सातबारा कोणाच्या नावे असावा हे ठरवू म्हटले, तर समोर नसलेल्या तिसऱ्या माणसाचा हक्क तिच्या हातून बुडण्याचा संभव आहे, आणि मानवी हक्कांच्या नावाने नवाच अन्याय घडेल. आंध्र प्रदेशातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, मालकी व कब्जा यांचे वादग्रस्त प्रश्न सोडविणे हे मानवी हक्क आयोगाच्या अधिकारकक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली म्हटले, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

बांधकामाच्या तक्रारींतही हाच विवेक करावा लागतो. शेजाऱ्याने सामाईक भिंत सरकवली, विकासकाने ताबा वेळेवर दिला नाही, गृहनिर्माण संस्थेच्या समितीने गच्चीला कुलूप घातले, या साऱ्यांत प्रतिपक्ष खासगी आहे आणि 12 व्या कलमातील लोकसेवक कोठेच नाही. ताब्यातील दिरंगाईसाठी 2017 पासून महारेरा आहे, संस्थेच्या तंट्यासाठी सहकारी न्यायालय आहे, शेतरस्ता अडविणाऱ्यासाठी 1906 च्या कायद्याखालचे मामलेदार न्यायालय आहे, फेरफाराच्या नोंदीविरुद्ध प्रांताकडे अपील आहे, आणि प्रशासनातील गैरकारभाराच्या तक्रारीसाठी 1971 च्या कायद्याने आलेले लोकआयुक्त आहेत. दारे पुष्कळ आहेत. कोणत्या दुःखासाठी कोणते दार ठोठवावे हे सांगणारा माणूस मात्र कोणत्याच दाराशी उभा नसतो, ही आपल्या व्यवस्थेची मोठी उणीव आहे.

याशिवाय दोन कुंपणे आहेत. अधिनियमाचे 36 वे कलम सांगते की, हक्कभंगाची घटना घडल्यापासून एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येणार नाही. ही मुदत ओलांडण्याचा अधिकार आयोगालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या अखेरीस स्पष्ट केले. जमिनीचे तंटे पिढीजात, इमारतींचे तंटे दशकभराचे, आणि मुदत एका वर्षाची! दुसरे कुंपण न्यायप्रविष्ट प्रकरणांचे: जो वाद न्यायालयापुढे चालू आहे त्यात आयोग सहसा हात घालीत नाही, फार तर त्या न्यायालयाच्या संमतीने त्याला हस्तक्षेप करता येतो. म्हणून आधी न्यायालयात गेलेला माणूस येथे येऊ शकत नाही, आणि न्यायालयाच्या भयाने जो वर्षानुवर्षे अर्जांवर अर्ज करीत राहिला त्याची मुदत संपलेली असते.

आणि चौकशी पार पडून तक्रार खरी ठरली तरी आयोग 18 व्या कलमान्वये शिफारस करतो: पीडिताला नुकसानभरपाई द्यावी, दोषी लोकसेवकावर कारवाई करावी, तातडीचे अंतरिम साहाय्य द्यावे. मनाई हुकूम मात्र त्याला काढता येत नाही. उद्या सकाळी पडणारी भिंत आज संध्याकाळी थांबवायची असेल, तर पीडिताला न्यायालयच गाठावे लागते. शासनाने शिफारशीवर एका महिन्यात आपले म्हणणे कळवावे, असे कायदा म्हणतो. ही शिफारस शासनावर बंधनकारक आहे असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 2021 साली दिला. मला तो कायद्याच्या आत्म्याला धरून वाटतो, कारण समन्स काढून, साक्षी घेऊन, न्यायमूर्तींनी केलेल्या चौकशीचा निष्कर्ष जर एखाद्या कारकुनाच्या टिपणीने बाजूला ठेवता येत असेल, तर ती चौकशी करण्याचे प्रयोजन काय?

इतक्या मर्यादा सांगितल्यावर कोणी म्हणेल की जमीन आणि घर यांच्या बाबतीत आयोग निरुपयोगीच आहे. ते तसे नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांना घरेदारे सोडून चालते व्हा अशा धमक्या मिळू लागल्या, तेव्हा राष्ट्रीय आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 9 जानेवारी 1996 रोजी न्यायालयाने, ही माणसे नागरिक असोत वा नसोत, त्यांच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे, असा आदेश दिला. चकमांच्या जमिनीची मालकी आयोगाने ठरविली नव्हती. त्या जमिनीवर जगणाऱ्या माणसांचे प्राण आणि त्यांची प्रतिष्ठा एवढाच त्याचा विषय होता. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात 1985 साली उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट झाला, आणि 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरे पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस आवश्यक ठरवून, रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणे वगळता, ही रीत मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचे सांगितले, तेव्हाही मुद्दा जागेच्या मालकीचा नव्हता, तेथे राहणाऱ्या माणसाशी सत्तेने कसे वागावे याचा होता.

‘हयगय’ हा 12 व्या कलमातील शब्द तर बांधकामाच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो. 4 एप्रिल 2013 रोजी ठाण्याजवळ शीळ येथे बेकायदा उभी राहत असलेली इमारत कोसळून 74 माणसे मृत्युमुखी पडली, आणि विकासकांबरोबर महापालिकेतील अधिकाऱ्यांनाही अटक झाली. मजल्यावर मजला चढताना ज्यांनी पाहिले आणि ज्यांचे ते थांबविणे हे काम होते, त्यांचे मौन हा दिवाणी वाद कसा म्हणावा? जी तक्रार काल केवळ परवान्याची आणि चटईक्षेत्राची होती, ती स्लॅब ढासळताच जीविताच्या हक्काची होते. आणि स्लॅब ढासळण्यापूर्वी, धोक्याचा अर्ज हाती पडूनही जो अधिकारी गप्प बसतो त्याला जाब विचारणे, हे आयोगाचे खरे कार्य आहे. ‘दिवाणी वाद’ हा शेरा मारण्यापूर्वी अर्जात अशी हयगय दडली आहे काय, हे पाहण्याचे कष्ट प्रत्येक वेळी घेतले गेले पाहिजेत, असे मी कळकळीने म्हणतो.

म्हणून त्या अर्जदाराच्या पिशवीकडे पुन्हा वळू. तिच्यातील कागदांच्या दोन चळती कराव्या लागतील. सातबारा, नकाशा, खरेदीखत, वारसनोंद ही चळत दिवाणी न्यायालयाची आणि महसूल कचेरीची. ती येथे कितीही वेळा मांडली तरी निष्फळ. दुसऱ्या चळतीत ज्या दिवशी नोटिशीवाचून घर पाडले त्या दिवसाची तारीख, ज्याने पाडले त्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, उत्तर न मिळालेल्या अर्जांच्या पोचपावत्या आणि पोलीस ठाण्यातून हाकलून दिल्याची हकीकत असावी. ही चळत वर्षाच्या आत घेऊन जो येईल, त्याच्यासाठी ते दार उघडे असले पाहिजे. आणि पहिली चळत घेऊन आलेल्याला शेरा मारून परत पाठविताना, त्याने पुढे कोठे जावे, कोणत्या कायद्याखाली जावे आणि विनामूल्य वकील देणारे विधी सेवा प्राधिकरण कोठे आहे, एवढे चार ओळींत त्याच कागदावर लिहून देण्यास कोणत्याही कलमाची आडकाठी नाही.

जमिनीची हद्द आयोगाने ठरवू नये. पण हद्दीवर उभ्या असलेल्या माणसाला हाताशी धरून योग्य वाट दाखविण्याइतकी जागा आयोगाच्या अधिकारात आजही आहे, आणि ती जागा वापरली जावी, हीच या लेखकाची प्रार्थना आहे.