दिघीचा लॉन्चर, ओडिशाचा किनारा

विश्रांतवाडी चौकातून आळंदी रस्त्याने कळस, दिघीकडे निघालं की लष्करी कुंपणं लागतात. आषाढी वारीत माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्यात येते. एरवी पीएमपीच्या बस, टेम्पो आणि दुचाक्यांची झुंबड. यांतल्याच एका कुंपणाआड डीआरडीओची ‘आर अँड डीई इंजिनिअर्स’ ही प्रयोगशाळा आहे. समुद्राशी तिचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. पण इथून चौदाशे किलोमीटरवर, ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्र सुटतं तेव्हा त्याला उभं करणारं यंत्र बहुधा दिघीत आखलेलं असतं.

प्रयोगशाळेची मूळ विद्या पुलांची. ‘सर्वत्र’ हा तिचा गाजलेला पूल. एका ट्रकवर पंधरा मीटरचा एक गाळा, आणि पाच गाळे जोडले की ७५ मीटरचं पात्र ओलांडता येतं. बॉम्ब हाताळणारा ‘दक्ष’ रोबोही इथलाच. जड बोजा चाकांवर न्यायचा, ओबडधोबड जमिनीवर जॅक लावून ट्रक समतल करायचा, मग हायड्रॉलिक जोराने बोजा अलगद उचलायचा. पुलाला जे लागतं तेच लॉन्चरला. म्हणून ‘पृथ्वी’, ‘आकाश’ आणि ‘अग्नी’ मालिकेतल्या क्षेपणास्त्रांच्या लॉन्चरचं काम पूल बांधणाऱ्यांकडे यावं, यात नवल नाही. ‘अग्नी-५’ सुमारे साडेसतरा मीटर लांब आणि ५० टन वजनाचं. ३१ जानेवारी २०१५ रोजी ते प्रथमच ट्रकवरच्या बंद नळकांड्यातून सोडलं गेलं. आधी वायूच्या दाबाने ते नळकांड्याबाहेर फेकलं जातं आणि इंजिन पेटतं ते हवेत. हा सगळा दणका ट्रकला सोसावा लागतो.

अशा क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचा तळ म्हणजे चांदीपूरची इंटिग्रेटेड टेस्ट रेंज. बालासोरजवळच्या या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र चार-पाच किलोमीटर मागे सरतो. इंग्रजांनी १८९५ मध्येच इथे तोफगोळ्यांच्या चाचण्यांचं केंद्र उभारलं होतं. ‘पृथ्वी’ची पहिली चाचणी मात्र इथे झाली नाही, २५ फेब्रुवारी १९८८ रोजी ती श्रीहरिकोट्याहून झाली. ‘अग्नी’ २२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून उडालं, तेही आधीच्या दोन तारखा हुकल्यावर.

आपल्या कोकणाला एवढा मोठा किनारा असताना तळ तिकडे का? उपग्रह सोडायचा तर पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा पूर्वेकडे झेपावल्यावरच मिळतो. कोकणातून पूर्वेला सोडलं तर जळालेले टप्पे सह्याद्रीच्या पलीकडच्या गावांवर पडतील. उपग्रहांसाठी श्रीहरिकोट्याची जागा हेरण्यात विक्रम साराभाईंसोबत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. त्याआधी केरळातल्या थुंब्याच्या अग्निबाण तळाच्या निवडीतही. क्षेपणास्त्राला पृथ्वीच्या फिरण्याची गरज नसते, पण खाली माणूस नसलेला लांबलचक पट्टा हवा असतो, आणि बंगालचा उपसागर तो देतो. वाटेत किनाऱ्यावरून रडार आणि दुर्बिणी, पुढे जहाजं माग काढत राहतात.

माणूस नसलेला पट्टा समुद्रात मिळतो, किनाऱ्यावर नाही. खरं तर चांदीपूर ही तात्पुरती सोय होती. कायमचा राष्ट्रीय चाचणी तळ बालासोर जिल्ह्यातच बालियापाल परिसरात व्हायचा होता. तिथे पानमळे, नारळ, भुईमूग, सुपीक गाळाची जमीन. ऐंशीच्या दशकात गावकऱ्यांनी रस्ते अडवले. सरकारी गाड्या दिसताच शंख फुंकले, थाळ्या वाजवल्या आणि अधिकाऱ्यांना गावात पाऊल ठेवू दिलं नाही. तो तळ झालाच नाही. संरक्षणाच्या इतिहासात या लढ्याला अर्धं पानही मिळत नाही, हे मला खटकतं. कारण भारताच्या क्षेपणास्त्रांचा भूगोल शास्त्रज्ञांइतकाच या पानमळेवाल्यांनी ठरवला.

मग लक्ष गेलं समुद्रातल्या व्हीलर बेटाकडे. धामरा बंदराजवळ, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर, लांबी जेमतेम दोन किलोमीटर, वस्ती नाही. अब्दुल कलाम यांनी मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्याकडून ते मिळवलं. बेटाचा पहिला उपयोग सोडण्यासाठी नव्हे, तर नेम धरण्यासाठी झाला. ३० नोव्हेंबर १९९३ रोजी मुख्य भूमीवरून सोडलेलं ‘पृथ्वी’ याच बेटावर येऊन आदळलं. जमिनीवरच्या माऱ्याची अचूकता पाण्यात कशी मोजणार? पुढे लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं इथूनच उडू लागली. २७ मार्च २०१९ रोजी, ‘मिशन शक्ती’त, इथून सुटलेल्या अस्त्राने सुमारे पावणेतीनशे किलोमीटर उंचीवरचा आपलाच एक उपग्रह फोडला. त्याआधी, ४ सप्टेंबर २०१५ पासून, बेटाला कलामांचं नाव होतं.

चांदीपूरच्या आसपासच्या गावकऱ्यांना आजही मोठ्या चाचणीआधी काही तासांसाठी घरं सोडून निवाऱ्यात जावं लागतं, त्याची भरपाई मिळते. मच्छीमारांनाही तेवढा वेळ समुद्रात जाता येत नाही. बेटाशेजारच्या गहिरमाथा किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं लाखोंनी अंडी घालायला येतात. आपल्याकडे वेळासला येतात तीच. प्रखर उजेडाने आणि आवाजाने ती बिथरतात. म्हणून २०२५ च्या हंगामासाठी बेटावरच्या चाचण्या जानेवारी ते मार्च थांबवायचं ठरलं.